गोधडीची सोडत

बैठकीत सगळ्यांचं मत लिलावाच्या बाजूने पडलं आणि मी एकटी सोडतीच्या बाजूने बोलत राहिले. प्रश्न तीन जुन्या गोधड्यांतून पैसे कसे उभे करायचे, हा होता. जुन्या नाशकातल्या एका वाड्यात आमचं एक छोटं संग्रहालय आहे. नाव सांगत नाही, कारण आमच्या विश्वस्तांना पैसे हवे असतात आणि प्रसिद्धी नको असते. तांब्यापितळेची भांडी, मोडी कागद, देवघरातले टाक, दोन जाती, पेशवाईतला म्हणून दाखवला जाणारा एक अडकित्ता (माझा त्यावर विश्वास नाही) आणि एका लाकडी कपाटात घड्या घालून कोंबलेली वस्त्रं. त्या कपाटाला कसर लागली होती आणि वरच्या कौलांतून पाणी येत होतं. कौलं शाकारायची, कपाट बदलायचं आणि कापडासाठी एक कोरडी, अंधारी खोली करायची, तर पैसा कुठून आणायचा?

नाशिकला संग्रहालयांचं वावडं नाही. अंजनेरीला नाण्यांवर संशोधन करणारी संस्था १९८० पासून आहे आणि तिथलं नाण्यांचं संग्रहालय पाहायला परदेशातून माणसं येतात. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत गारगोटीचं संग्रहालय आहे, तिथे आपल्याच डोंगरांच्या पोटातले स्फटिक दिव्यांखाली चमकताना पाहून माणूस गप्प होतो. सार्वजनिक वाचनालय तर १८४० सालचं. नाण्याला, दगडाला, पोथीला आपण जागा करून देतो. अंथरुणा-पांघरुणाला मात्र माळ्यावरची ट्रंकच.

सोडतीची कल्पना माझ्या भाचीची. ती अमेरिकेत ओहायो राज्यात राहते. तिच्या गावातल्या छोट्या संग्रहालयाला छपरासाठी पैसे हवे होते, म्हणून गावातल्या म्हाताऱ्या बायकांनी आपल्या आज्यांनी हाताने शिवलेल्या क्विल्ट, म्हणजे तिकडच्या गोधड्या, दिल्या आणि संग्रहालयाने तिकिटं काढली. एक डॉलरला एक, पाच डॉलरला सहा. क्विल्ट महिनाभर गावातल्या बँकेत टांगून ठेवली, येणाऱ्या-जाणाऱ्याने बघावी, तिकीट घ्यावं. तिकडे ही रीत जुनी आहे. त्यांच्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, जखमी सैनिकांसाठी बायकांनी मोठमोठ्या जत्रा भरवल्या, त्यांत क्विल्ट विकल्या गेल्या. चर्चमधली मंडळी सोडतीला जुगार म्हणून नाकं मुरडत आली, तरी ती चालू राहिली. पहिल्या महायुद्धात रेडक्रॉससाठी आणखी एक युक्ती निघाली. नाणी द्या आणि क्विल्टवर आपलं नाव भरतकामात काढून घ्या. १९१७ च्या डिसेंबरात तिथल्या एका महिला मासिकाने अशा एका क्विल्टमधून हजार डॉलर कसे उभे करायचे याचा आराखडाच छापला होता. नावं भरून झाली की पुन्हा ती क्विल्ट लिलावात किंवा सोडतीत. म्हणजे एकाच कापडावर दोनदा कमाई. मी बँकेत नोकरी केलेली बाई, मला हे फार आवडलं.

आमच्या बैठकीत मात्र लिलावाचा मुद्दा साधा होता: पैसे जास्त मिळतील. तो खोटा नव्हता. गंगापूर रोडला हल्ली असे बंगले आहेत की जिथे हॉलमध्ये जुनी गोधडी काचेआड लावतात आणि तिच्यावर वरून पिवळा दिवा सोडतात. पण गोधडीचा भाव करायचा तरी कोणत्या हिशोबाने? कापड फाटकं, ते फुकटचं. मजुरी दुपारची, ती कुणी मोजलेली नाही. गोधडी घराबाहेर पडायची ती बाळंतविड्यात, लेकीच्या पाठवणीत, नाहीतर दारात थंडीने कुडकुडणारा कुणी आला तर. तिची किंमत ठरवायची वेळच येत नसे. लिलावात ती ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्याकडे जाणार, हे आधीच ठरलेलं असतं. सोडतीत निदान कुणाच्या अंगावर जाईल ते माहीत नसतं, आणि गोधडीला ते शोभतं. हे मी बोलले तेव्हा खजिनदार म्हणाले, "काकू, हे भाषण झालं. कौलं कशी शाकारायची?"

त्या तीन गोधड्यांविषयी सांगायला हवं, कारण सगळा वाद त्यांच्यावरून होता आणि वाद घालणाऱ्यांतल्या निम्म्यांनी त्या उलगडून पाहिल्याच नव्हत्या.

पहिली निफाडकडची. निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला बातम्यांतून माहीत आहे, द्राक्षाच्या बागेत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात. त्या थंडीच्या मानाने ही गोधडी शिवलेली. दोन बायकांनी धरल्याशिवाय उचलत नाही. वर इरकली काठाचं लुगडं, खाली धुवट झालेलं दुसरं. एका कोपऱ्यात ती उसवली होती, तिथून आत पाहिलं तर आत आणखी एक गोधडी होती, आणि त्या आतल्या गोधडीच्या भोकातून तिसऱ्याच कापडाचा लाल रंग दिसत होता. जुनी विरली की तिला पोटात घालून वर नवं कवच शिवायचं, ही आपल्याकडची पद्धत. म्हणजे सगळ्यात आतलं कापड नेसणारी बाई कोण, हे ती गोधडी देणाऱ्या नातसुनेलाही ठाऊक नव्हतं. सासूची सासू असेल, एवढंच ती म्हणाली.

दुसरं भद्रकालीतल्या एका घरातलं बाळाचं दुपटं. जुन्या धोतराचं, इतकं मऊ की हातात घेतल्यावर आधी ओलं आहे असं वाटतं. मधोमध खणाचे चौकोन, त्यातला एक हिरवा खण अजून ताजा. टाके इतके बारीक की मोजायला गेलं तर डोळे दुखतात. उलट्या बाजूला मांजरपाटाच्या एका तुकड्यावर गिरणीचा निळा शिक्का अर्धा राहिलेला. शिवणारणीने तो मुद्दाम आतल्या अंगाला घेतला होता, पण धुण्याने वरचं अस्तर विरलं आणि शिक्का बाहेर आला. गिरणीचं नाव निम्मंच वाचता येतं.

तिसरी मला सगळ्यात आवडलेली आणि सगळ्यात वाईट अवस्थेतली. तिच्यात काळी चंद्रकळा होती. जवळून पाहिलं तर जिथे काळं कापड होतं तिथे फक्त टाके उरलेत, कापड गेलंय. काळा रंग सुती कापडाला आतून खातो. जुना लोखंडाचा काळा असो नाहीतर नंतरच्या गिरणीतला गंधकाचा, दोन्हींनी धागा कमजोर होत जातो. शेजारचा पिवळा आणि किरमिजी जागच्या जागी, आणि चंद्रकळेच्या जागी पांढऱ्या दोऱ्याच्या रांगा, हवेत उभ्या असल्यासारख्या. संक्रांतीला हौसेने घेतलेलं ते लुगडं असणार. गोधडीत आलं म्हणजे त्याआधी बरंच नेसून झालेलं असणार.

गोधडी शिवायची ती काठाकडून मध्याकडे. अंगणात नाहीतर ओसरीवर लुगडं ताणून पसरायचं, आत धोतरं, सदरे, बिनकामाची फडकी एकसारखी अंथरायची, वरून दुसरं लुगडं घालायचं, कडेने मोठे कच्चे टाके घालून जागेवर बसवायचं आणि मग चारी बाजूंनी बायकांनी बसून धावदोरा घालत आत यायचं. प्रत्येकीचा हात वेगळा. एकीचा टाका लांब, एकीचा आखूड, एकीचा दोरा ताणलेला, एकीचा सैल. त्या निफाडच्या गोधडीवर हात फिरवला तर किती जणी बसल्या होत्या ते कळतं. एका बाजूचे टाके मध्येच बदलतात. ती उठून गेली असेल, दुसरी येऊन बसली असेल. स्वयंपाकाची वेळ झाली असेल, नाहीतर मूल रडलं असेल. पुरुषांचे सदरे आणि धोतरं नेहमी आत, बायकांची लुगडी बाहेर, हेही माझ्या लक्षात आलं. रंग बायकांच्याच कपड्यांना होते, एवढंच त्याचं कारण असेल. मला मात्र ते बघायला बरं वाटलं.

(नायलॉनच्या साड्या आल्या आणि हे सगळं बिघडलं. नायलॉनला घाम शोषता येत नाही, आतलं अस्तर सरकतं, एकीकडे गोळा होतं. माझ्या सासूबाई अशा गोधडीला "घसरगुंडी" म्हणायच्या.)

सोडतीच्या बाजूने थोडं मत वळत होतं, तेवढ्यात आमच्या विश्वस्तांतले निवृत्त वकील जागे झाले. "तिकीट विकणार? पैसे घेऊन, नशिबावर, बक्षीस?" त्यांनी तीन बोटं दुमडली. "म्हणजे लॉटरी. सरकारची परवानगी नसलेली." राज्य सरकार १९६९ पासून स्वतःची लॉटरी चालवतं, पण तुम्हाआम्हाला तिकीटखिडकी उघडता येत नाही. दंड संहितेत त्याला २९४-अ कलम होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली, तिच्यात तेच आता २९७ झालंय. अमेरिकेत राज्याराज्यांनी अशा संस्थांना वाट काढून दिली आहे, भाचीचं संग्रहालय त्या वाटेने गेलं. आपलं गाव निराळं.

मी म्हटलं, अहो, आपल्या गल्लीत दर नवरात्रात पैठणीची सोडत निघते, येवल्याहून खास आणलेली पैठणी म्हणून माईकवर ओरडतात, तेव्हा कुणी कलम काढत नाही. भिशीत तर महिन्याच्या महिन्याला चिठ्ठी काढतो. वकीलकाका म्हणाले, "भिशीत प्रत्येकीला आपलेच पैसे परत मिळतात, फक्त आधी की नंतर ते चिठ्ठी ठरवते. आणि पैठणीच्या कार्यक्रमाला तुम्ही तिकीट काढता का?" नाही काढत. तिथेच वाट सापडली. पैसे, नशीब आणि बक्षीस या तिन्हींतलं एक काढून टाकलं की लॉटरी उरत नाही. नशीब आणि बक्षीस ठेवायचं, पैसे काढायचे. जो कुणी संग्रहालय बघायला येईल त्याने फुकट आपलं नाव चिठ्ठीवर लिहून मडक्यात टाकावं. देणगीची पेटी दुसऱ्या दाराशी, आणि पेटीत टाकलं काय, न टाकलं काय, चिठ्ठीशी त्याचा संबंध नाही. खजिनदारांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हणजे गोधडी फुकट द्यायची आणि पैसे देवावर सोडायचे?"

हो. तसंच.

याच वेळी संग्रहालयाची नोंदवही सांभाळणाऱ्या मुलीने वेगळाच प्रश्न टाकला. ती शिकलेली आहे, पुराभिलेखाचं काम करते, आणि आमच्यासारखी बडबड करत नाही. तिचं म्हणणं होतं की आपण संग्रहालयासाठी पैसे उभे करायला अशाच वस्तू बाहेर काढतोय, ज्या संग्रहालयातच राहायला हव्यात. या तीन गोधड्या अजून नोंदवहीत चढलेल्या नाहीत म्हणून त्या देता येतात. एकदा क्रमांक पडला की देता येणार नाहीत. मग क्रमांक पडू द्यायचा की नाही?

तिचा प्रश्न खरा होता आणि त्याला सोपं उत्तर नव्हतं. चंद्रकळेची गोधडी ठेवायचं ठरलं, कारण ती कुणाच्या अंगावर टिकणारच नव्हती. तिला क्रमांक पडला. बाकीच्या दोन द्यायच्या, पण देण्याआधी प्रत्येकीची पूर्ण नोंद करायची. दोन्ही बाजूंचे फोटो, लांबी-रुंदी, प्रत्येक कापड कुठलं, कोणाचं, टाके कसे, देणाऱ्या घरातल्या म्हाताऱ्या बाईला जे आठवतं ते तिच्याच शब्दांत. निफाडच्या नातसुनेकडून आम्हाला त्या लुगड्याच्या दुकानाचं नावही मिळालं नाही, पण नवरा मुंबईला गिरणीत होता आणि दिवाळीला येताना लुगडं आणायचा, एवढं मिळालं. ते लिहून ठेवलं. मला विचाराल तर संग्रहालयात गोधडी असण्यापेक्षा ही वही असणं जास्त महत्त्वाचं आहे. नोंदवही सांभाळणाऱ्या मुलीला हे पटत नाही. आमचं त्यावरून अजून जमत नाही.

पैसे आले तर त्यांचं काय करायचं, यावर मात्र तिनेच मला पांडवलेण्यात धाडलं. "दहा नंबरच्या लेण्यातला उषवदाताचा लेख वाचून या काकू, तुम्हाला बँकेतलं वाटेल." लेणी मी लहानपणापासून पाहिलेली, पायऱ्या चढून धापा टाकत, डब्यातली पोळी खाऊन, खाली उतरायचं. लेख कधी वाचला नव्हता. वाचता येतही नाही, लिपी ब्राह्मी आहे, तिने दिलेलं मराठी टिपण हातात धरून उभी राहिले.

उषवदात हा क्षत्रप नहपान राजाचा जावई. बेचाळिसाव्या वर्षी (हा लेखातला सन, त्याचं वय नव्हे), वैशाखात, त्याने हे लेणं भिक्षूंच्या संघाला दिलं, आणि सोबत तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी. म्हणजे सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची गोष्ट. पैसे त्याने भिक्षूंच्या हातात ठेवले नाहीत. गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, गुंतवले. गोवर्धन म्हणजे आपलंच, गंगापूरकडे जाताना लागतं ते. एका विणकर श्रेणीकडे दोन हजार, महिना शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार, महिना शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधीच परत घ्यायचं नाही, फक्त व्याज खर्चायचं. याला अक्षयनीवी म्हणतात. आणि व्याज कशासाठी? पहिल्या दोन हजारांचं, वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यात, इथे राहणाऱ्या वीस भिक्षूंच्या चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा. मी तिथेच, लेण्याच्या ओट्यावर बसून हिशोब केला. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिना वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस जणांना बारा प्रमाणे दोनशे चाळीस. एक कवडी इकडेतिकडे नाही. शिवाय हे सगळं नगरसभेत वाचून दाखवलं आणि नोंदवून ठेवलं, असंही लेखात आहे. वर्षाला बारा टक्के! आज ठेवीवर कुणी इतकं मागितलं तर मॅनेजर चहा पाजून परत पाठवेल.

कापडासाठी पैसा, तो विणकरांकडेच गुंतवलेला, आणि पांघरणारे भिक्षू. भिक्षूंची चीवरंसुद्धा तुकडे जोडूनच शिवायची असतात, अखंड कापड चालत नाही. पुढे याच गावात गाडगेबाबांनी गंगेकाठी धर्मशाळा बांधली. त्यांना लोक गोधडे महाराज म्हणायचे, अंगावर ठिगळांचंच वस्त्र असायचं म्हणून. या गोष्टी मी खजिनदारांना सांगितल्या नाहीत, ते पुन्हा भाषण म्हणाले असते. व्याजाचा हिशोब तेवढा कागदावर काढून दाखवला. तो त्यांना पटला. देणगीपेटीतली रक्कम मुदत ठेवीत, आणि फक्त व्याज फक्त कापडावर, असा ठराव झाला. कौलांसाठी विश्वस्तांनी आपापसांत वर्गणी काढली, कुरकुरत.

कापडावर खर्च म्हणजे काय, हेही लोक विचारतात. कपाटातली घडी एकाच रेषेवर वर्षानुवर्षं राहिली की त्या रेषेवर कापड तुटतं, म्हणून धुतलेल्या मलमलीत गुंडाळून नळीवर गुंडाळी करायची. प्रकाश पन्नास लक्सच्या वर जाऊ द्यायचा नाही, म्हणजे आपल्या घरातल्या संध्याकाळच्या दिव्याहूनही मंद. कसर मारायला डांबराच्या गोळ्या नकोत, वस्तू प्लास्टिकमध्ये बंद करून खोल थंडीत ठेवायची. नोंदवही सांभाळणारी मुलगी यासाठी आईस्क्रीमचा फ्रीझर मागते आहे. ठेवीच्या व्याजातून तो यायला वेळ आहे.

सोडतीचा दिवस थोडक्यात सांगते, कारण त्यात तसं काही घडलं नाही. मडकं भरलं. पेटीही बऱ्यापैकी भरली, लिलावात मिळाली असती त्यापेक्षा कमीच. शेजारच्या वाड्यातल्या पोरीच्या हातून चिठ्ठ्या काढल्या. दुपटं मखमलाबादच्या एका आजीला गेलं, तिला नातवंड नाही, होईल म्हणाली, आणि तिची सून मागे उभी राहून आढ्याकडे बघत होती. निफाडची जाड गोधडी एका मुलाला लागली. तो संग्रहालय बघायला आलाच नव्हता. पार्सल द्यायला आला होता, पहारेकऱ्याने त्याला चिठ्ठी लिहायला लावली. मूळचा सुरगाण्याकडचा, अंबडच्या वसाहतीजवळ चौघांत एक खोली करून राहतो.

लगेच एका विश्वस्तांच्या मनात आलं की त्याला दोन-चार हजार देऊन गोधडी परत घ्यावी, त्याला पैशांची गरज असेल. मी भांडले. भांडायची गरज नव्हती. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "नको काकू, थंडी पडलीय." दोन्ही हातांत कवटाळून गोधडी दुचाकीवर कशी न्यायची याचाच तो विचार करत होता. शेवटी पार्सलच्या दोरीने बांधून नेली.

जानेवारीत त्याचा संग्रहालयात फोन आला. तो उसवलेला कोपरा आणखी फाटलाय, आतलं बाहेर येतंय, ठिगळ लावलं तर चालेल का? नोंदवही सांभाळणाऱ्या मुलीने फोन हाताने झाकून मला सांगितलं, नाही म्हणा, आतली जुनी गोधडी दिसतेय तीच महत्त्वाची आहे, फार तर जाळीचं कापड लावून घेऊ, इकडे आणायला सांगा. मी तिच्या हातातून फोन घेतला आणि म्हटलं, लाव. फक्त सुती लाव.